घुबड भाड्याने मिळेल!

फराळाचे ताट शेजारी घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांनी मला क्षमा करावी. संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. 'दिवाळीचा अंक आहे, काहीतरी हलकेफुलके द्या,' असे बजावलेही होते. मी कथा लिहायला बसलेही. पण गेले तीन महिने एक भांडण माझ्या डोक्यात ठाण मांडून बसले आहे आणि ते बाहेर काढल्याखेरीज दुसरे काही आत शिरेल असे दिसत नाही. भांडणाचे कारण ऐकाल तर हसाल. मी माझ्या घरी मुलांसाठी जादूगारांची पार्टी केली. एवढ्यावरून चार शहाणी माणसे माझ्याशी भांडली आणि मी त्या चौघांशी मनातल्या मनात अजून भांडते आहे.

मी कराडला एका शाळेत चित्रकला शिकवते. कादंबऱ्याही लिहिते. त्यांतल्या दोन तुम्ही कदाचित वाचल्या असतील. तिसरी बहुधा प्रकाशकानेही वाचली नसावी. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे थोडे रसायनशास्त्र येणार आहे आणि ते सगळे दहावीपुरतेच आहे.

माझी मुलगी यंदा अकरा वर्षांची झाली. तिच्या पंथात अकरावे वर्ष म्हणजे मुंजीसारखे महत्त्वाचे. हॅरी पॉटर नावाच्या पोरक्या मुलाला अकराव्या वाढदिवसाला जादूच्या शाळेचे बोलावणे येते, ही गोष्ट आता घराघरांत ठाऊक आहे. ज्या घरांत नाही त्या घरांतल्या आजी-आजोबांसाठी दोन शब्द सांगते. जे. के. रोलिंग या इंग्रज बाईंनी लिहिलेले हे पहिले पुस्तक 1997 च्या जूनमध्ये निघाले. पहिल्या आवृत्तीच्या पुठ्ठा बांधणीच्या प्रती अवघ्या 500. सातवे आणि शेवटचे पुस्तक 2007 च्या जुलैत आले, तेव्हा जगभर दुकानांपुढे मध्यरात्री रांगा लागल्या होत्या. बाई आधी पोर्तुगालमध्ये इंग्रजी शिकवीत होत्या, म्हणजे आमच्याच जातीच्या, मास्तरीण! पहिले पुस्तक मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आले. आमच्या घरातल्या प्रतीला आता कव्हर उरलेले नाही आणि मधली चार पाने मी खळीने चिकटवलेली आहेत.

तर मुलीने जादूगारांची पार्टी मागितली. मागण्याचे कारण शेजारचे. आमच्या गल्लीतल्या एका सुखवस्तू घरी जूनमध्ये असाच वाढदिवस झाला. तो घरी नव्हे, हॉलमध्ये. कंत्राट दिलेले. थर्माकोलचा किल्ला, काळा झगा घातलेला एक घामाघूम तरुण, ध्वनिक्षेपक, धूर सोडणारे यंत्र. पंधरा निवडक मुले. ती खुर्च्यांवर ओळीने बसली, तरुणाने टोपीतून रुमाल काढले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला, प्रत्येकाला प्लास्टिकच्या पिशवीतून परतभेट मिळाली आणि नऊच्या ठोक्याला हॉल दुसऱ्या वाढदिवसासाठी रिकामा करून द्यावा लागला. मुलगी घरी आली तेव्हा मी विचारले, "काय काय केलंस?" ती म्हणाली, "काही नाही. बघितलं."

या 'बघितलं'पाशी माझे भांडण सुरू होते.

तरीही आईचा जीव. मी त्या कंत्राटदाराला फोन केला. त्याने अतिशय अदबीने तीन प्रकार सांगितले, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. जणू मी मुलीचा वाढदिवस नव्हे, तिचे लग्नाचे दागिने करायला निघाले होते. मधल्याचे 28,000 रुपये. मी गप्प राहिले, ते त्याला घासाघीस वाटले असावे. म्हणाला, "मॅडम, त्यात झाडू, चष्मे, टोप्या सगळं आलं. फक्त लाइव्ह घुबड पाहिजे असेल तर ते वेगळं सांगावं लागेल. पांढरं मिळतं. फोटोपुरतं."

मी म्हटले, "कुठून आणता?"

"ते आमचं आम्ही बघतो."

वाचकहो, आपल्या मराठी घरांत घुबडाचे नाव संध्याकाळी घेत नाहीत. ते छपरावर बसले तर घरधनी धास्तावतो. आणि त्याच घरातल्या वाढदिवसाला ते फोटोपुरते भाड्याने मिळते! पुस्तकातली जादूगार मुले पत्रे पाठवायला घुबडे पाळतात, हॅरीचे घुबड पांढरेशुभ्र आहे, म्हणून ही मागणी. हॅरीचे ते घुबड उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातले. कराडच्या उन्हात ते एक दिवस टिकणार नाही. तेव्हा इथे जे 'पांढरे' मिळत असेल ते आपले गव्हाणी घुबड असणार. पांढऱ्या बदामी चेहऱ्याचे, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहणारे, रात्रभर शेतातले उंदीर खाणारे आणि त्याबद्दल शेतकऱ्याकडून एक दाणाही न घेणारे. त्याला धरणे, विकणे, बाळगणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. 

हे एकट्या आमच्या कंत्राटदाराचे डोके आहे असे समजू नका. 2010 च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, घुबडांच्या चोरट्या व्यापाराविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेचा. भारतात घुबडांच्या 30 जाती, त्यांतल्या 15 बाजारात विकल्या जाताना आढळल्या. बहुतेक जादूटोण्यासाठी. लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि लक्ष्मीपूजनाच्या अवसेला त्याचाच बळी द्यायचा, असा हा भक्तिभाव. आणि हा अहवाल लिहिणाऱ्या पक्षितज्ज्ञाने एक आठवण सांगितली आहे. ओळखीतल्या एका बाईंनी त्यांच्याकडे जिवंत पांढरे घुबड मागितले होते. कशासाठी? दहा वर्षांच्या मुलाच्या हॅरी पॉटर थाटाच्या वाढदिवसासाठी! शहरी मध्यमवर्गाला घुबडांचे हे नवे वेड हॅरी पॉटरमुळे लागले आहे, असे तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीही त्या वेळी बोलून दाखवले होते. म्हणजे एकीकडे मांत्रिक आणि दुसरीकडे हौशी आईबाप, आणि दोघांचा पुरवठादार एकच.

मी फोन ठेवला आणि ठरवले की पार्टी होईल, आणि ती घरीच होईल.

येथे आमच्या भाऊजींचा प्रवेश होतो. नणंदेचे यजमान. माणूस भला, वाचन दांडगे, पण संस्कृती म्हटली की एकदम फेटा बांधून उभे राहतात. म्हणाले, "वहिनी, तुम्ही कादंबरीकार. तुम्हीसुद्धा या विलायती भुतांच्या नादी लागावं? आपल्याकडे जादूगार नव्हते?"

होते ना, भाऊजी! वेताळ होता, विक्रमाच्या पाठीवर बसून शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा. हातिमताई होता. पाटीखालून आंब्याचे रोप उगवून दाखवणारा गारुडी होता. पहाटे उजाडण्यापूर्वी कंदील आणि कुडमुडे घेऊन दारोदार येणारा पिंगळा होता, ज्याला म्हणे त्या नावाच्या पक्ष्याची भाषा समजे. पिंगळा म्हणजे छोटे घुबडच, भाऊजी. म्हणजे घुबडाकडून निरोप आणण्याची कल्पना विलायतेतून यायला नको होती. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण होती, आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि अलीकडे 2018 पासून वैभव मांगल्यांनी रंगवलेली. पुण्याचे जादूगार रघुवीर होते. सगळे होते. पण मला सांगा, तुमच्या दोन मुलांना यांतल्या एकाची तरी गोष्ट तुम्ही रात्री उशाशी बसून सांगितलीत का? तुम्ही त्यांना इंग्रजी शाळेत घातलेत, संध्याकाळी दोन शिकवण्या लावल्यात आणि रात्री मोबाइल हातात दिलात. मग वेताळ त्यांच्या पाठीवर बसणार कसा? मूल रिकाम्या जागेत राहत नाही. तुम्ही वेताळ दिला नाहीत तर ते हॅरी घेईल, आणि नशीब समजा की हॅरी तरी घेतला.

आणि एक गोष्ट मी मास्तरीण म्हणून सांगते. या पुस्तकांवर तोंडसुख घेणाऱ्या बहुतेकांनी ती वाचलेली नसतात. त्यांत जादू फुकट मिळत नाही. सात वर्षे वसतिगृहात राहून शिकावी लागते. गृहपाठ आहे, वह्या आहेत, जूनमध्ये परीक्षा आहे. पक्ष्याचे पीस हवेत उचलण्याचा एक तास आहे, त्यात उच्चार चुकला की पीस जागचे हलत नाही आणि वर्गातली एक आगाऊ मुलगी चूक सुधारून देते. नवस नाही, गंडा नाही, कुणा महाराजांचे पाय धरणे नाही. आमच्या मुलांच्या आईबापांना परीक्षेच्या आधी पेन कुठल्या देवापुढे ठेवावे याची चिंता असते. हॅरीच्या शाळेत ती सोय नाही. 

एका बाबतीत मात्र माझे त्या लेखिकाबाईंशीही जमले नाही. त्यांच्या शाळेत पहिल्याच रात्री एक जुनी टोपी मुलांच्या डोक्यावर ठेवतात आणि टोपी ओरडून सांगते की हे मूल शूरांच्या घरातले, हे हुशारांच्या, हे कष्टाळूंच्या, हे धूर्तांच्या. वाढदिवसाच्या पार्ट्यांत हा खेळ फार लाडका आहे. माझ्या मुलीलाही तो हवा होता. मी साफ नाही म्हटले. मी वीस वर्षे शाळेत ही टोपी पाहते आहे! तिला आम्ही तुकडी म्हणतो. 'अ' तुकडीत वकील-डॉक्टरांची मुले, 'ड' तुकडीत उसतोडवाल्यांची, आणि पाचवीतल्या 'ड'मधले मूल दहावीपर्यंत स्वतःला 'ड'च समजते. चित्रकलेच्या तासाला मी पाहते ना. 'अ'मधली मुले चूक झाली की रबर मागतात, 'ड'मधली मुले कागद चुरगाळतात. ही टोपी माझ्या घरात येणार नव्हती.

मुलगी रुसली. मग पुस्तकातलीच एक ओळख तिने मला करून दिली. टोपी हॅरीला एका घरात घालायला निघते, पण तो मनात 'तिथे नको' म्हणतो, आणि टोपी ऐकते. म्हणजे मुलाचे मत चालते. यावर आमची तडजोड झाली. टोपी राहील, पण टोपीने सांगायचे नाही, मुलाने टोपीला सांगायचे. आणि घरे विलायती नकोत, आपल्या पंचक्रोशीतले चार गड. सदाशिवगड आणि वसंतगड कराडचे, दातेगड आणि गुणवंतगड पाटणकडचे. दिवाळीत हीच मुले मातीचे किल्ले करतात, तेव्हा गड त्यांना परके नव्हते. एका मुलाने सदाशिवगड घेतला आणि दहा मिनिटांनी रडत आला की त्याला मित्राच्या वसंतगडावर जायचे आहे. मी म्हटले, "जा की." तो गेला. आयुष्यात तुकडी बदलून मिळण्याचा त्याचा पहिलाच प्रसंग असावा.

आमंत्रणे पोस्टकार्डांवर. निवडक पंधरा नव्हे, मुलीची सबंध तुकडी, 38 मुले. कार्डावर मी घुबड रेखाटले, खाली मजकूर मुलीचा: अमुक दिवशी जादूच्या शाळेत हजर राहावे, भेटवस्तू आणू नये, येताना एक लिंबू आणावे. लिंबाची अट माझी. वाढदिवसाचे बोलावणे आले की वर्गातल्या काही मुलांच्या पोटात ठरलेल्या दिवशी दुखू लागते, हे मला माहीत आहे. दोनशे रुपयांची भेट न्यायची कुठून, हे ते दुखणे. लिंबू प्रत्येक घरात असते, असा माझा हिशेब. तो एका ठिकाणी चुकला, ते पुढे येईल. कार्डे पोचली त्या दिवशी वर्गात जे झाले त्यासाठी तरी एकदा प्रत्येकाने हे करावे. स्वतःच्या नावावर टपाल आलेले त्या अडतीसांत एकही मूल नव्हते. एकाने कार्ड कंपासपेटीत घडी करून ठेवले होते. दुसऱ्याने देव्हाऱ्यात ठेवले असे कळले.

त्या रविवारी पाऊस धो धो. तरी 31 मुले आली. आमचे घर जुने, पुढे पडवी, मधे चौक. ओली पायताणे पडवीभर झाली. सासूबाई देवघराच्या दारात पाटावर बसून होत्या. त्यांना मी मुख्याध्यापिका केले होते, आणि ते पद त्यांनी फारच मनावर घेतले.

आता जादूविषयी. ज्यांना करायची असेल त्यांनी येथे थोडे लक्ष द्यावे.

टोपी प्रत्येकाने आपली आपण केली. काळ्या कार्डशीटवर 33 सेंटिमीटर त्रिज्येचा पाव गोल काढायचा, चिकटवायला दोन बोटे जागा जास्त सोडायची. गुंडाळला की खालचा घेर जवळजवळ 52 सेंटिमीटर होतो, म्हणजे अकरा वर्षांच्या डोक्याला बेताचा. सहावीच्या मुलांना वर्तुळाचा परीघ यापेक्षा चांगला शिकवता येईल असे मला वाटत नाही. जादूच्या कांड्या रद्दीच्या. वर्तमानपत्राची घट्ट तिरकी सुरळी, मैद्याची खळ, वर गेरू. पाच वाजेपर्यंत निम्म्या मोडल्या होत्या, तलवारी म्हणून.

मग द्रव्यांचा तास. चौकात चार पाट, प्रत्येक पाटावर वाट्या. वाटीत हळदीचे पाणी, त्यात चिमूटभर चुना पडला की लालभडक कुंकू. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. परसातल्या गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी, लिंबाच्या थेंबाने जांभळे होत जाणारे. ते साखर घालून सरबत म्हणून प्यायलेही. सोड्याच्या पेल्यात तासगावचे बेदाणे टाकले की ते बुडतात, बुडबुडे अंगाला चिकटले की वर येतात, बुडबुडे फुटले की पुन्हा खाली. या बेदाण्यांपुढे मुले किती वेळ बसली म्हणून सांगू! लिंबाच्या रसाने कोऱ्या कागदावर लिहून वरून गरम इस्त्री फिरवण्याचा प्रयोग मात्र फसला. अक्षरे उमटली, पण तीन कागद आणि इस्त्रीखालची चादर जळली.

प्रत्येक जादूला एकच नियम केला होता. जो करील त्याने लगेच ती दुसऱ्याला शिकवायची. गुपित राखायचे नाही.

आणि येथे माझे तिसरे भांडण. आमचे एक स्नेही चळवळीतले आहेत, विवेकवादी, स्वच्छ मनाचे. त्यांना पोस्टकार्ड दिसले आणि ते घरी येऊन मला म्हणाले, "बाई, जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात, तोही डॉक्टरांच्या सातारा जिल्ह्यात, तुम्ही मुलांना जादूच्या शाळेत घालता?" डॉक्टर म्हणजे नरेंद्र दाभोलकर. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. अठरा वर्षे रखडलेल्या कायद्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या माणसाची शपथ घालून कुणी बोलले की मी गप्प होते. पण त्या दिवशी झाले नाही. मी म्हटले, तो कायदा वाचा. तथाकथित चमत्कार करून फसवू नका, पैसे उकळू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारू नका. साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवू नका. असे त्यात आहे. हातचलाखी करू नका असे कुठे आहे? दाभोलकरांचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन चमत्कार करूनच दाखवीत होते, आणि करून झाल्यावर कसा केला तेही दाखवीत होते. बुवा आणि जादूगार यांत फरक तेवढाच. आणि तो फरक खुर्चीवर ओळीने बसून टाळ्या वाजवणाऱ्या मुलाला कधीच कळत नाही. हॉलमधला तो झगेवाला तरुण बिचारा निरुपद्रवी. पण समोर बसून 'बघितलं' म्हणण्याची जी सवय तेथे लागते ती बुवांच्या फारच सोयीची आहे. माझ्या घरी आलेल्या मुलाने चुना स्वतः बोटाने टाकलेला असतो. 

स्नेही तेव्हा पटले असे म्हणाले नाहीत. पुढे जे झाले ते मी त्यांना सांगितले. त्यावर ते नुसते बसून राहिले.

31 मुले आली होती, लिंबे 30. मोजण्याचे काम सासूबाईंचे, त्या चुकत नाहीत. लिंबू न आणलेली मुलगी कोण ते मी पाहिले आणि विषय काढला नाही. घरची ओढगस्त, असे मी समजले. वर्गात वारंवार गैरहजर राहणारी मुलगी. मधूनच तिला फिट येते, हे शाळेत सर्वांना ठाऊक. ती वाट्यांत रमली होती, हळदीचे कुंकू तिने चांगले चार वेळा केले. पण लिंबू पिळायची वेळ आली की वाटी शेजारणीकडे सरकवीत होती. 

शेवटची जादू मी स्वतः करणार होते. सकाळीच सुरीच्या पात्यावर तांबड्या जास्वंदीचे फूल चोळून वाळवून ठेवले होते. पाते पाहणाऱ्याला कोरडे दिसते. त्या सुरीने लिंबू कापले की रस लाल गळतो, रक्तासारखा. मी लिंबू उचलले, थोडे नाटक केले, आणि कापले.

मुले किंचाळली, मजेने. ती मुलगी किंचाळली नाही. ती उठून भिंतीला लागून उभी राहिली. मला वाटले, आता हिला फिट येते. मी सुरी बाजूला ठेवून लगेच फूल दाखवले, पुन्हा चोळून दाखवले. बाकीची मुले सुरीसाठी झोंबू लागली. ती हळूहळू पुढे आली आणि म्हणाली, "बाई, परत करून दावा की."

मी पुन्हा केले.

"मी करू?"

तिने फूल चोळले, फुंकर घालून पाते वाळवले, आणि पाटावरचे लिंबू धरले. ते धरताना तिचा हात थरथरत होता. लाल रस निघाला. तिने दुसरे कापले. मग तिसरे. कुणी तिला थांबवले नाही. सासूबाईंनी बाकीच्या मुलांना केकच्या निमित्ताने माजघरात नेले. तिसरे लिंबू कापून झाल्यावर ती म्हणाली, "आमच्यात बी असंच केलं हुतं. माझ्या डोक्यावरनं उतरून. माझं रगात हाय म्हनला."

कोण म्हणाला ते तिने सांगितले. कुठल्याशा वस्तीवरचा देवऋषी. दर अमावस्येला तिला तेथे नेत. गेल्या वर्षभरात घरात कुणी तिला लिंबाला हात लावू देत नव्हते. लिंबू पिळले तर अंगातले रक्त जाईल, म्हणून.

वाढदिवसाच्या दिवशी मी 28,000 रुपये खर्च केले असते तर हे मला कळले असते का? माझा एकूण खर्च 2,140 रुपये आणि एक चादर. कंत्राटाच्या पार्टीत ही मुलगी निवडक पंधरांत नसती. असती तरी खुर्चीवर बसून तिने टोपीतले रुमाल पाहिले असते आणि घरी गेली असती. चौथे भांडण माझे या प्रश्नावरून आहे, आणि ते आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंशी. त्या म्हणाल्या, "कशाला लोकांच्या घरात शिरायचं? वाढदिवस होता, वाढदिवस करायचा." मी कुणाच्या घरात शिरले नव्हते. मुले माझ्या घरात आली होती. पण एकदा कळल्यावर कळले नाही असे कसे करायचे, हे मला कुणी शिकवलेले नाही, मॅट्रिकपर्यंत तरी नाही.

मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावले. ते आले नाहीत. आजीने निरोप पाठवला की पोरीच्या डोक्यात काहीबाही भरू नका. मग आमच्या स्नेह्यांना मी सांगितले, तेच चळवळीतले. त्यांनी एका डॉक्टरांची गाठ घालून दिली. डॉक्टरांनी सांगितले की फिटचे औषध आहे, रोज घ्यावे लागेल, एकही दिवस चुकवता येणार नाही, आणि बहुतेकांच्या फिट त्याने आटोक्यात राहतात. गोळ्या सुरू झाल्या आहेत. घरच्यांनी अमावस्या सोडलेली नाही. दोन्ही चालू आहेत. आमचे स्नेही म्हणतात, गोळी चुकत नाही तोवर घाई करू नका. भाऊजींना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, "ते पाव गोलाचं माप काय म्हणालात? त्रिज्या किती?" त्यांच्या धाकट्याचा वाढदिवस डिसेंबरात असतो.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी, मुलीची आई आमच्या पडवीत येऊन उभी राहिली. ऊसाच्या भांगलणीवरून परस्पर आली होती, पाय चिखलाने भरलेले. आत या म्हटले तर येईना. पदराच्या टोकाशी चाळा करीत म्हणाली, "बाई, ती पोरगी कायतरी सांगती. लिंबाचं. मला बी दावा."

परसात जास्वंद होती. मी फूल तोडून आणले. सुरी आणि लिंबू पडवीतच ठेवले आणि म्हटले, तुम्हीच करा. तिने फूल चोळले. वाळेपर्यंत आम्ही दोघी पाऊस पाहत बसलो. मग तिने लिंबू कापले. दोन फोडी बोटांवर घेऊन तिने त्या उजेडाला धरल्या, वास घेतला, जिभेला लावून पाहिल्या.

"ह्येवढंच?"

"एवढंच."

तिने फोडी खाली ठेवल्या, बोटे लुगड्याला पुसली, आणि माझ्याकडे पाहून विचारले, "मग त्येनं दर खेपंला हजार हजार रुपयं कशाचं घेतलं?"